नेटवर्क मार्केटिंगमधून बाहेर पडताना

नेटवर्क मार्केटिंग सोडून आता बराच काळ झाला, तरी ओळखीच्या बायका अजून विचारतात की तुम्ही नक्की कशामुळे सोडलं. कंपनी पळून गेली नव्हती, पोलीस केस झाली नव्हती. दर महिन्याला थोडा का होईना, पेआउट म्हणजे कमिशन खात्यात जमा होत होता. अवघड होतं ते याचमुळे. बुडालेली स्कीम आपोआप सुटते. चालू असलेली, थोडेथोडे पैसे देत राहणारी कंपनी आपल्यालाच सोडावी लागते, आणि तेही जवळच्या माणसांच्या देखत. ते कसं करायचं हे मला त्या वेळी कोणी सांगितलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी कराडला राहते, घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, ड्रेस, फॉल-बिडिंग, लग्नसराईत तर जेवायला उसंत नसते. माझ्या नणंदेने आधी जॉइन केलं होतं. वन्सं स्वभावाने सरळ, कोणाला फसवणाऱ्यातल्या नव्हेत. "वहिनी, तुमच्याकडं रोज बायका येतात, तुमच्याइतकं सोपं कोणालाच नाही," असं त्या म्हणाल्या आणि ते पटण्यासारखंच होतं. प्रोटीन पावडर, कोरफडीचा रस, टूथपेस्ट, शाम्पू, फरशी पुसायचं लिक्विड असा माल. महिन्याला ठरावीक पॉइंटची खरेदी स्वतःच्या आयडीवर, म्हणजे कंपनीतल्या आपल्या खात्यावर, केली तरच आयडी ॲक्टिव्ह. ॲक्टिव्ह नसेल तर खालच्या, म्हणजे आपल्यामार्फत जोडल्या गेलेल्या, लोकांच्या खरेदीवरचं कमिशन मिळत नाही. हे एक वाक्य नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

प्लॅन दाखवायला आमच्या अपलाइन, म्हणजे साखळीत आमच्या वरच्या, मॅडम फळा घेऊन यायच्या. तुम्ही फक्त सहा जण जोडायचे, ते सहा प्रत्येकी सहा जोडतील, झाले ३६. मग २१६. तिथे मॅडम खडू खाली ठेवायच्या आणि २१६ जणांनी महिन्याला इतकी खरेदी केली तर तुमचा चेक किती, ते मोठ्या अक्षरांत लिहायच्या. एका रात्री मशीनवर बसल्या बसल्या मी मापाच्या वहीच्या मागच्या पानावर तेच गणित पुढे नेलं. २१६ नंतर १,२९६, मग ७,७७६, मग ४६,६५६. वरपासून सगळे मिळून ५५,९८६ माणसं. म्हणजे सहाव्याच पायरीला तान्ह्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत अख्खं कराड शहर संपलं. अकराव्या पायरीला नुसत्या त्या एका थरातच ३६ कोटी माणसं लागतात. २०११च्या जनगणनेत सगळ्या महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आत होती.

पण मला जास्त लागलं ते दुसरंच. कुठल्याही घडीला प्लॅन थांबवून बघा, सगळ्यात खालच्या थराखाली कोणीच नसतं. त्यांना कमिशन येणार कुठून? आणि सहाच्या प्लॅनमध्ये तो थर म्हणजे एकूण माणसांच्या ८३ टक्के. स्टेजवर जो येतो तो कष्टाळू असेलही, पण तो स्टेजवर यावा म्हणून बाकीच्यांनी खाली असावंच लागतं. कितीही मेहनत केली तरी हा आकडा हलत नाही. "शंभरातले नव्वद मध्येच सोडतात म्हणून फेल होतात," असं आम्हाला मीटिंगमध्ये शिकवायचे. गणित सांगतं की कोणीच सोडलं नाही तरी तेच होणार.

हे कळूनही मी लगेच थांबले नाही. कागदावरचं गणित वेगळं आणि रोजचा ग्रुप वेगळा. सकाळी सहाला गुड मॉर्निंगसोबत कोणाच्या तरी नव्या गाडीचा फोटो, दुपारी कोल्हापूरच्या सेमिनारची तिकिटं, रात्री झूमवर ट्रेनिंग. शिवण सोडून कधी घराबाहेर न पडलेल्या बाईला हजार माणसांपुढे माइक मिळतो, टाळ्या मिळतात. ती किंमत खरी असते. ज्यांना ते हसण्यावारी न्यायचं असतं त्यांना मी नेहमी सांगते, या बायका मूर्ख नाहीत; त्यांना दुसरीकडे कुठे कोणी टाळ्या वाजवत नाही.

मला पहिला खरा धक्का बसला तो माझ्याच दारात. आमच्या गल्लीतल्या एक काकी वर्षानुवर्षं माझ्याकडे ब्लाउज शिवायच्या. आल्या की अर्धा तास बसायच्या. पुढे त्यांनी येणंच बंद केलं. एके दिवशी त्यांची नात आली, दारातूनच पिशवी पुढे केली. आत ब्लाउजपीस, मापाचा ब्लाउज आणि चिठ्ठी: गळा मागच्यासारखाच, हुक पुढून. पोरगी चप्पलही न काढता निघाली. काकींना मी दोनदा प्रोटीन पावडर दाखवली होती, एकदा प्लॅनला बोलावलं होतं. त्यांना माझी शिलाई हवी होती, मला भेटायचं नव्हतं. त्या पिशवीकडे बघून मला फार वाईट वाटलं.

मग क्लोजिंगची रात्र. महिन्याच्या शेवटच्या दिवशी रात्री बारापर्यंत पॉइंट मोजतात. नऊच्या सुमाराला मॅडमचा फोन यायचाच. "ताई, तुमच्या ग्रुपला ४० पॉइंट कमी पडतायत. झाले नाहीत तर तुमची लेव्हल जाईल, आणि तुमच्या वन्संचीपण." मग मी खालच्यांना फोन लावायचा, त्यांनी त्यांच्या खालच्यांना. माझ्या खालच्या एका ताईने अशाच एका रात्री भिशीचे पैसे घालून पावडरचे डबे उचलले. तिच्या घरात कोणी पावडर पीत नव्हतं. तिच्या खरेदीतून माझी लेव्हल राहिली, माझ्यामुळे वन्संची, वन्संमुळे मॅडमची. आणि डबे कुठे गेले? तिच्या माळ्यावर.

इथे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी आयुष्यभर गिऱ्हाईक बघितलंय. पहिला ब्लाउज अंगावर नीट बसला की बाई दुसरा घेऊन येते, तिसरीला पाठवते. तिला माझा धंदा करायचा नसतो, तिला ब्लाउज हवा असतो. आमच्या ग्रुपमध्ये असं गिऱ्हाईकच नव्हतं. जॉइन न होता नुसता माल आवडला म्हणून दर महिन्याला घेणारी एकही बाई मला आठवेना. माल घेणारे सगळे आयडीवालेच, आणि आयडी ॲक्टिव्ह ठेवायची म्हणून घेणारे. बाहेरून पैसा येतच नव्हता. आमचेच पैसे खालून वर जात होते आणि त्यातले थोडे कमिशन म्हणून परत येत होते.

मग मी वही केली. हे प्रत्येकीने करावं, कंपनी सोडायची असो वा नसो. माझं एका महिन्याचं पान देते. स्वतःच्या आयडीवरचा माल ३,२०० रुपये. सेमिनारचं तिकीट ४००. जाण्यायेण्याचं भाडं २८०. घरी मीटिंग झाली त्याचा चहा-नाश्ता १५०. एकूण खर्च ४,०३०. टीडीएस आणि ॲडमिन चार्ज कापून हातात आलेला पेआउट ८७०. आता टूथपेस्ट, शाम्पू घरात लागलेच असते, म्हणून ते किराणा दुकानाच्या भावाने ६०० धरले. तरी खिशातून गेले २,५६० रुपये. शिवाय त्या महिन्यात मीटिंगांपायी परत पाठवलेली शिवणं वेगळी. पासबुकात मात्र ८७० जमा दिसतात, आणि "कमाई सुरू झाली" म्हणून आपण तेच लोकांना दाखवतो. जमा बँकेतून येते, खर्च पर्समधून जातो, दोन्ही एका पानावर कधी येत नाहीत. ते आणायचे.

मिस्टरांना वही दाखवली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आता पुढं कसं करायचं ते बघू." मागचं काही काढलं नाहीत. घरातल्या माणसांनी असंच वागावं. "मी तेव्हाच सांगत होतो" हे ऐकायला लागेल या भीतीनेच कित्येक बायका आणखी वर्षभर आत राहतात.

पुढचं थोडक्यात आणि क्रमाने सांगते. आधी खरेदी बंद केली. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. मग जॉइन होताना दिलेला करारनामा शोधला, तो कंपनीच्या वेबसाइटवरच्या माझ्या खात्यात होता. भाचा वकिलीला आहे, त्याने कायदा समजावला. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम लागू केले आहेत. त्यानुसार जॉइनिंगसाठी फी घेता येत नाही. ठरावीक मुदतीत दंड न भरता करार रद्द करण्याची सोय द्यावी लागते. नुसती माणसं जोडण्यावर पैसे देणाऱ्या पिरॅमिड स्कीमला मनाई आहे. तसा पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा तर १९७८ सालापासून आहे. कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो. आधीच्या २०१६च्या मार्गदर्शक तत्त्वांतही विकण्याजोगा माल वाजवी अटींवर परत घेण्याची गोष्ट होती. आमच्या मीटिंगमध्ये यातलं अक्षरही कोणी काढलं नव्हतं. "सरकारमान्य कंपनी" एवढंच ऐकलं होतं.

मी ईमेल केला: माझा आयडी क्रमांक, आयडी बंद करावा ही विनंती, सील न फोडलेल्या डब्यांची यादी, बॅच नंबर, एक्सपायरी, बिलाचे फोटो. पहिलं उत्तर आलं, "आपल्या अपलाइनशी संपर्क साधा." अपलाइनशी माझा करार नाही, तुमच्याशी आहे, असं लिहून तोच ईमेल तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवला. उत्तर लांबलं तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवली. त्यानंतर डबे परत घेतले, थोडी रक्कम कापून पैसे आले. फोडलेल्या आणि मुदत संपत आलेल्या मालाचं काही मिळालं नाही. सगळं लेखी ठेवा, फोनवरचं बोलणं नंतर उपयोगी पडत नाही.

कागदपत्रं सोपी होती. जड गेलं ते माझ्या खालच्या बायकांकडे जाणं. ग्रुपवर मेसेज टाकून बाहेर पडायचं नाही, हे मी ठरवलं होतं. प्रत्येकीच्या घरी वही घेऊन गेले. "मी थांबले. हा माझा हिशोब. तुम्ही तुमचा करा, मग ठरवा," एवढंच सांगायचं. एकीने दार लावून घेतलं. एक अजूनही करते आहे, तिचा तो निर्णय. भिशीचे पैसे घातलेल्या ताईने माळ्यावरचे डबे खाली काढले, आम्ही दोघींनी मिळून तिचा ईमेल लिहिला. त्यातल्या काही डब्यांची मुदत संपली होती. त्याचे पैसे मी तिला माझ्या रिफंडमधून दिले. तिच्या खरेदीवरचं कमिशन माझ्या खात्यात आलं होतं, ते माझ्याकडे ठेवायची इच्छा नव्हती.

मॅडमनी मला "निगेटिव्ह" ठरवलं. ग्रुपवर माझं नाव न घेता भाषण झालं, ते मला कळलंच. वन्संचं मात्र फार लागलं. माझी लाइन तुटल्यावर त्यांची लेव्हल खाली आली आणि त्या वर्षी भाऊबीजेला त्या आल्या नाहीत. मिस्टर ओवाळणी घेऊन स्वतः त्यांच्याकडे गेले. मी त्यांना वही वाचायला दिली नाही, वादही घातला नाही. सहा-आठ महिन्यांनी त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला मी आधीपासून जाऊन स्वयंपाकात राबले, तेव्हा बोलणं पुन्हा सुरू झालं. कंपनीचा विषय दोघीही काढत नाही. त्या अजून आहेत त्यात, पण आता मोठी खरेदी करत नाहीत असं भाची म्हणते.

हल्ली कोणी ओळखीने फोन केला की मी दोन गोष्टी विचारते. मागच्या तीन महिन्यांचा जमा-खर्च एका पानावर लिहिलाय का, आणि जॉइन नसलेलं, नुसता माल घेणारं गिऱ्हाईक किती आहे. मग ईमेलचा मजकूर पाठवते, त्यात फक्त आयडी आणि मालाची यादी बदलायची असते. मलकापुरातल्या एकीने परवाच तिचा ईमेल पाठवला. तिला पहिलं उत्तर आलं आहे: आपल्या अपलाइनशी संपर्क साधा. तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता तिला काल काढून दिला.