गावअभ्यासाला डिसेंबर नको

ग्रामविकास घ्या, समाजकार्य घ्या, नाहीतर प्रादेशिक नियोजन, गावअभ्यास, म्हणजे विद्यार्थ्यांनी गावात जाऊन करायची पाहणी, कुणालाच चुकत नाही. रस्ते कोरडे, ऊन कमी म्हणून तो हिवाळ्यात उरकावासा वाटतो. मराठवाड्यात हीच मोठी चूक. धारूर, केज, वडवणी, पाटोदा या भागातली ऊसतोड कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर कारखान्यावर जातात ती मार्च-एप्रिलात परततात. डिसेंबरात घरोघर फिरलात तर कुलपं दिसतील आणि नातवंडं सांभाळणारी म्हातारी माणसं. अहवालातलं गाव मग खऱ्या गावापेक्षा सुखी निघतं.

जुलै-ऑगस्ट उत्तम. विद्यापीठाच्या तारखा हलत नसतील तर बंद घरांची वेगळी यादी करा: किती कोयते गेले (एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी), सोबत शाळेच्या वयाची किती मुलं गेली. बंद घराच्या जागी शेजारचं उघडं घर मात्र धरू नका. तसं केलं की स्थलांतर करणारेच नमुन्यातून गळतात.

घरं निवडायला ग्रामपंचायतीचा नमुना 8 घेतात. तो घरपट्टीचा, म्हणून गायरानावरची घरं, तांडा, पारधी वस्ती त्यात बऱ्याचदा नसते. अंगणवाडी आणि आशाताईंच्या नोंदवह्यांशी ताडून यादी पुरी करा. 300 घरांतून 60 हवी असतील तर दर पाचवं घर, आणि सुरुवात 1 ते 5 मधली चिठ्ठी काढून.

जमिनीच्या आकड्यांत विद्यार्थी हमखास फसतात. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, माणसं एकर-गुंठ्यात बोलतात. सातबाऱ्यावरचं 1.20 म्हणजे 1 हेक्टर 20 आर, जवळपास 3 एकर. ते सव्वा एकर समजलं की अल्पभूधारक शेतकरी एका फटक्यात अत्यल्पभूधारक होतो. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतील तर प्रत्यक्ष कोण किती कसतो तेही विचारा. ‘उत्पन्न किती?’ हा प्रश्न वाया जातो. सोयाबीन एकरी किती कट्टे झालं, कट्टा किती किलोचा, कोणत्या महिन्यात आणि काय भावानं विकलं, असं विचारलं की हिशेब आपसूक बाहेर येतो.

पाण्याचा ताळेबंद सगळ्यांत शिकवणारा. 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 घनमीटर पाणी. शिवार 600 हेक्टर, पाऊस 500 मिलिमीटर, तर 30 लाख घनमीटर, म्हणजे 3,000 टीसीएम (हजार घनमीटर). आकडा बघून मुलं हरखतात, पण यातलं बरंचसं बाष्प होऊन उडतं, वाहून जातं. बेसॉल्टच्या खडकात पाणी मुरुमात आणि भेगांतच साठतं, खालचा काळा पाषाण काही धरत नाही. म्हणून विहिरींतली पाण्याची पातळी मोजा, ऑक्टोबरात आणि पुन्हा मेमध्ये. दोरी कठड्यावरून सोडली असेल तर कठड्याची उंची वजा करा. ती विसरली की दोन विहिरींची तुलनाच होत नाही. पाऊसही महसूल मंडळाच्या मापकाचा असतो, आपल्या शिवारातला वेगळा असू शकतो.

सामाजिक नकाशा (गावकऱ्यांसोबत काढलेला घरं, रस्ते, पाण्याचा नकाशा) पारावर काढला तर पारावर बसणाऱ्यांचा होतो. दुसरा दलित वस्तीत, तिसरा बायकांसोबत त्यांना सवड असेल तेव्हा काढा. तिन्हींत हातपंप आणि रस्ते कुठे वेगळे पडतात तिथेच खरी चर्चा सुरू होते.

प्रदेशालाही हेच लागू. 1984 च्या दांडेकर समितीनं विकासाचा अनुशेष (राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे ते) जिल्हानिहाय मोजला, केळकर समितीनं 2013 मध्ये तालुका हा घटक धरला. जिल्ह्याच्या सरासरीत मागास तालुका झाकला जातो, गावाच्या सरासरीत वस्ती.

अहवाल विभागात जमा करून थांबू नका, ग्रामसभेत वाचा. 26 जानेवारीच्या सभेला कोयते गावात नसतात. 15 ऑगस्टची किंवा 2 ऑक्टोबरची सभा धरा. तेव्हा ती माणसं गावात असतात आणि पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याचं कामही तेव्हाच सुरू होतं.