बर्फाखालची पंधरा मिनिटे

गुलमर्गजवळ अफरवाटच्या उतारांवर हिमस्खलन-सुरक्षेचे प्रशिक्षण घेताना सर्वांत आधी मनावर ठसले ते हे, की गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता साधारण 10 ते 15 मिनिटांनंतर झपाट्याने घटते, आणि म्हणून त्याला सोबत्यांनीच बाहेर काढावे लागते.

सरावासाठी 457 किलोहर्ट्झवर चालणारा ट्रान्सीव्हर, म्हणजे गाडलेल्याचा ठाव लागावा म्हणून रेडिओ संकेत पाठवणारे आणि पकडणारे छोटे यंत्र, पिशवीत घालून पुरला होता. माझ्या हातातल्या तशाच यंत्राच्या पडद्यावरचा अंतराचा आकडा उतरत गेला तसे मी गुडघ्यांवर येऊन ते बर्फालगत धरले, सर्वांत कमी आकड्याच्या जागेपासून दर 25 सेंटिमीटरवर सळई खुपसत गेलो आणि पाचव्या खेपेस ती किंचित दबणाऱ्या वस्तूला टेकली. तो स्पर्श हाताला अजून आठवतो. सळई तशीच ठेवून उताराच्या खालच्या बाजूने खणायचे असते, आणि सर्वाधिक वेळ त्यातच जातो.

तरीही माझ्या मते खरे कौशल्य धोक्याचे, म्हणजे बहुधा 30 ते 45 अंशांचे, उतार ओळखून टाळण्याचे आहे. बर्फाचे थर कितपत पक्के आहेत हे पाहण्यासाठी आम्ही 30 सेंटिमीटर रुंदीचा बर्फाचा चौकोनी स्तंभ कापून त्यावर फावडे ठेवले आणि मनगटापासून दहा थापा मारल्या; कोपरापासूनच्या दुसऱ्याच थापेला वरचा थर सपकन सरकला. तो उतार आम्ही सोडून दिला.