मिठाच्या बरणीला पाणी का सुटतं

पालकसभा संपली की कुणाची तरी आई मागे थांबते. "मॅडम, केमिस्ट्रीत एवढे विषय असताना तुम्ही फिजिकल केमिस्ट्रीच का घेतलीत? आमची पोर पण तेच घेईन म्हणते." त्या प्रश्नामागची काळजी खरी असते. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या औषध कारखान्यांत ऑरगॅनिक किंवा ॲनालिटिकल केलेल्यांना आधी बोलावतात, हे गोव्यात घराघरांत ठाऊक आहे. शिवाय फिजिकल, म्हणजे पदार्थ का आणि किती वेगानं बदलतात ते मोजणारी केमिस्ट्री, ही नुसती गणितं, असं मुलींच्या कानावर पहिल्या वर्षापासून पडलेलं असतं. दारात उभ्या उभ्या मी दोन वाक्यं बोलते आणि घरी येताना वाटत राहतं, नीट सांगायला हवं होतं. तुम्ही विचारलंत म्हणून आता सांगते.

आमचं घर पेडण्यातलं, आगरवाड्याच्या बाजूचं. तिथे शापोरा नदीकाठी मिठागरं आहेत. आजोबा हिवाळा सरत आला की मिठागरात जायचे ते पावसाची चाहूल लागेपर्यंत. भरतीचं पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत आटवायचं, शेवटच्या वाफ्यात मीठ धरलं की ओढायचं. दोन गोष्टी ते नेहमी बजावत. नुसत्या उन्हानं भागत नाही, वारा हवा. आणि मीठ ओढल्यावर मागे राहणारं कडू पाणी वेळेवर काढून टाकायचं, ते मिठात राहता कामा नये. घरात आजीचं वेगळंच चालायचं. जून लागला की मिठाच्या बरणीला पाणी सुटे, मग ती बरणी उचलून चुलीजवळ ठेवी. या तिन्ही गोष्टी बघतच मी मोठी झाले. का, असं कधी विचारलं नाही.

ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात एम.एस्सी.ला आले तेव्हा फेज रूल मला पाठ होता: एफ बरोबर सी वजा पी अधिक दोन. सी म्हणजे घटक किती, पी म्हणजे प्रावस्था, म्हणजे घन, द्रव, वाफ अशी वेगवेगळी रूपं किती, आणि एफ म्हणजे आपल्या मर्जीनं ठरवता येतील अशा गोष्टी किती. पदवीच्या परीक्षेत तो लिहून गुणही मिळवले होते. एक दिवस प्रयोगशाळेत काचेची एक बंद पेटी दिसली. तळाला ओल्या मिठाचा लगदा, वर आर्द्रता मोजायचं यंत्र, काटा ७५ टक्क्यांवर. बाहेर धो धो पाऊस पडत होता आणि आत ७५. मी सरांना विचारलं, मीठ कशाला ठेवलंय? ते म्हणाले, फेज रूल लाव आणि तूच सांग.

लावला. घटक दोन, मीठ आणि पाणी. प्रावस्था तीन: न विरघळलेलं मीठ, त्याचं संपृक्त द्रावण, म्हणजे आणखी मीठ विरघळणार नाही असं पाणी, आणि वरची वाफ. दोन वजा तीन अधिक दोन, म्हणजे एक. म्हणजे ठरवायला आपल्या हातात एकच गोष्ट उरते. तापमान ठरवलं की वाफेचा दाब आपोआप ठरला. पेटी लहान असो की मोठी, मीठ चमचाभर असो की किलोभर, तीनही प्रावस्था हजर असेपर्यंत आतली आर्द्रता तीच. साध्या मिठाला तापमानानंही फारसा फरक पडत नाही, आकडा पंचाहत्तरच्या आसपासच राहतो. मला त्या काचेआड आजीची बरणी दिसली. गोव्यात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ७५च्या खूप वर जाते, म्हणून मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. चुलीजवळची हवा गरम, तिथे सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत मावेल त्या मानानं असलेली वाफ, कमी, म्हणून तिथे ते कोरडं राहतं. मिठागरात वारा हवा, कारण वाफ्यावर साचलेली दमट हवा हलली नाही तर दाट झालेलं पाणी पुढे आटतच नाही. आणि ते कडू पाणी म्हणजे मुख्यतः मॅग्नेशियमचे क्षार. मॅग्नेशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण आपल्यावरची हवा ३३ टक्क्यांच्या आसपास धरतं, म्हणजे उन्हाळ्यातल्या कोरड्या दुपारीसुद्धा ते हवेतून पाणी घेणार. आजोबा बरोबर सांगत होते. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला कुठला विषय घ्यायचा ते मी त्याच आठवड्यात ठरवलं.

पुढे वाचनात आलं, की रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल १९०१ साली ज्यांना मिळालं त्या व्हान्ट हॉफ यांनी बर्लिनमध्ये कित्येक वर्षं हेच काम केलं. समुद्र आटला तर कुठला क्षार आधी खाली बसेल, कुठला नंतर. जर्मनीतल्या स्टासफुर्टच्या मिठाच्या थरांवरून त्यांनी ते मांडलं. ते वाचताना मला आमचे वाफे आठवत होते.

आता नोकरीचं. तुम्ही घेता त्या गोळीच्या पाकिटावर मुदत छापलेली असते. ती ठरवताना कंपन्या गोळ्या ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून बघतात, जोडीला साध्या तापमानाला दीर्घकाळही ठेवतात. तापमान वाढवलं की बिघाड किती पट वेगानं होईल, हा हिशेब आऱ्हेनियसच्या १८८९च्या समीकरणावर उभा आहे. तो मला एका चुकीतून कळला. मिथाइल ॲसिटेट या द्रवाच्या जलविघटनाचा, म्हणजे पाण्यानं त्याचे तुकडे होण्याचा, प्रयोग मी जुलैत केला आणि पुन्हा एप्रिलच्या उकाड्यात, दोन्ही वेळा तापमान स्थिर ठेवणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय. वेगस्थिरांक, म्हणजे क्रियेचा वेग सांगणारे आकडे, जुळेनात. दोन दिवस मी टायट्रेशनच, म्हणजे किती आम्ल तयार झालं त्याचं मोजमापच, तपासत बसले. फरक खोलीच्या तापमानाचा होता, सहाएक अंशांचा, आणि तेवढ्यानं वेग दीडपटीहून जास्त वाढला होता. म्हणून औषध कारखान्यात फिजिकलवाल्यांचं काम नाही असं मी म्हणणार नाही. मात्र दार थोडं उशिरा उघडतं आणि ते मुलीला आधीच सांगायला हवं.

आणि गणित. ते आहे, लपवत नाही. लॉगॅरिदम, इंटिग्रेशन आणि आंशिक अवकलन (पार्शल डिफरन्सिएशन) न घाबरता करता यायला हवं, पण तेवढं बारावीनंतर वर्षभरात जमतं. मुली अडतात ते दुसरीकडे. आमच्याकडे बहुतेकींची प्राथमिक शाळा मराठीत किंवा कोकणीत होते, मग सगळं इंग्रजीत. चिन्हं लिहिता येतात, पण त्यांचा अर्थ कुणी तोंडानं बोललेलाच नसतो. मी वर्गात समीकरण लिहायच्या आधी विचारते, इथे काय स्थिर धरलंय आणि काय बदलू दिलंय? मराठीत सांग, कोकणीत सांग, पण सांग. ते सांगता आलं की पुढची पायरी त्या स्वतःच लिहितात.

दर जूनमध्ये मी पहिल्या वर्षाच्या मुलींना घरून दोन मुठी मीठ आणायला सांगते, एक दुकानातलं बारीक, एक मिठागरातलं जाडं. दोन्ही बशांत उघडं ठेवतो. जाडं आधी ओलं होतं, कारण त्यात त्या कडू पाण्याचा अंश उरलेला असतो. मग बारीक मिठाचा लगदा बंद डब्यात, आत स्वस्तातलं आर्द्रतामापक. कुणाचं ७४ दाखवतं, कुणाचं ७७. तुमची मुलगीही यंदा त्या वर्गात असेल. तिनं डबा घरी आणला तर झाकण लगेच उघडू नका, आकडा थांबायला काही तास लागतात.