‘मुलगा दिसत नाही हल्ली?’

भक्ती संपली की चर्चच्या दारात हा प्रश्न येतोच. त्याच्या पाठोपाठ दुसरा, जरा हळू आवाजात: ‘तुम्ही इतक्या शांत कशा राहता हो? देवावर सोपवलं म्हणता, म्हणजे नेमकं काय केलंत?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

तो दिसत नाही, कारण त्याने येणं सोडलंय. ह्यांच्या आजारपणात तो 21 वर्षांचा होता. रात्री दवाखान्यात तोच थांबायचा. बाकावर बसून, मांडीवर बायबल उघडं ठेवून प्रार्थना करताना मी त्याला पाहिलंय. हे गेले. दफनाला आलेल्यांपैकी एकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, ‘बाळा, विश्वास कुठेतरी कमी पडला.’ त्याने नुसती मान हलवली. पुढचे दोन-तीन रविवार आला, मग नाही.

पहिलं वर्ष मी मुळीच शांत नव्हते. ऐरोलीला त्याची रात्रपाळी. सकाळी त्याने ठाण्याची गाडी पकडली असेल, असा अंदाज बांधून मी व्हॉट्सॲपवर बायबलमधलं वचन पाठवायची. निळ्या खुणा यायच्या, उत्तर नाही. एकदा त्याला न सांगता चर्चच्या पाळकसाहेबांना जेवायला बोलावलं. तो नीट बोलला, नीट जेवला, आणि मी भांडी घासत होते तिथे येऊन म्हणाला, ‘आई, मला असं फसवून पंगतीला बसवू नकोस.’ तेवढंच. रडणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून मी नळ चालूच ठेवला.

त्या रात्री बायबलमधल्या लूकचा 15वा अध्याय काढला. लहानपणापासून पाठ असलेला. मेंढरू हरवतं तेव्हा मेंढपाळ रानात शोधायला जातो. नाणं हरवतं तेव्हा बाई दिवा लावून घर झाडते. धाकटा मुलगा घर सोडून जातो तेव्हा मात्र बाप शोधायला निघत नाही. इतक्या वर्षांत हे मला दिसलंच नव्हतं. मेंढरू खांद्यावर घालून आणता येतं, मुलाला स्वतःच्या पायांनी यावं लागतं. पण बापाची नजर वाटेवरच असणार, नाहीतर परत येणारा मुलगा लांब असतानाच कसा दिसला असता? आणि तो बाप घराबाहेर येतो दोनदा. एकदा धाकट्यासाठी, एकदा थोरल्याची समजूत घालायला, जो घर सोडून कधी गेलाच नव्हता. मी आयुष्यभर भक्ती चुकवली नाही, आणि रुसून अंगणात उभी होते. देव माझीही समजूत घालत होता.

आणखी एक. आमच्या घरातला पहिला बाप्तिस्मा माझ्या पणजोबांचा, नगरकडचा. त्यांच्या आईने म्हणे तीन दिवस चूल पेटवली नाही. कवी ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं त्या वेगळ्याच राहिल्या. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो त्यांच्या स्वतःच्या मनाला पटल्यावर. ह्या गोष्टी आपण साक्ष म्हणून सांगतो. पण त्या विझलेल्या चुलीपाशी बसलेल्या आईचा विचार मी कधी केला नव्हता. आता करते, आणि माझ्या मुलाला ‘बिघडला’ म्हणायला जीभ रेटत नाही.

मग सोपवलं म्हणजे काय केलं? वचनं पाठवणं थांबवलं. प्रार्थना थांबवली नाही, उलट वाढवली. पहाटे चारला, तो कामावर असतो तेव्हा, त्याचं नाव घेऊन बसते. पूर्वी म्हणायची, ‘प्रभू, त्याला परत आण.’ आता म्हणते, ‘प्रभू, मला दिसत नसलं तरी तू त्याच्याजवळ आहेस.’ काही रात्री भीती वाटतेच. ती मी देवाला सांगते, मुलाला नाही. तो आता माझ्याशी बोलतो. नाताळात गॅलरीत तारा अजूनही तोच लावतो, स्टुलावर चढून, वायर दातांत धरून.

रविवारी मला बाइकवरून चर्चच्या गेटपर्यंत सोडायला तोच येतो. भेटलात तर ‘आत कधी येणार?’ असं विचारू नका. त्याच्या बाबांबद्दल विचारा. दफनाच्या दिवसानंतर मंडळीतलं कुणी त्याच्याशी त्यांच्याविषयी बोललेलंच नाही.