नवतप्यातली शाल

नागपूर. नवतपा (मेअखेरच्या कडक उन्हाचे नऊ दिवस), तिसरा दिवस. रात्रीचे अकरा.

आज दिवसभरात फोनवरच्या आमच्या मित्रगटात किती निरोप आले ते झोपण्यापूर्वी सहज मोजले, तर आकडा शंभराच्या पुढे गेला. त्यांतले या वहीत उतरवून ठेवण्याजोगे काही सापडेल म्हणून पुन्हा वरपासून वाचत आलो, तेव्हा पोहे, कूलर, ऊन आणि पुन्हा कूलर याखेरीज हाती काही लागले नाही. महालवाल्याने सकाळी साडेसातला तर्री-पोह्यांच्या प्लेटचे छायाचित्र टाकले होते आणि तर्रीत हरभरे कमी असल्याची तक्रार केली होती. टोरांटोवाल्याकडे तेव्हा आदल्या रात्रीचे दहा वाजलेले असतात. तो दर रविवारी हे छायाचित्र पाहतो, दर रविवारी शिव्या देतो आणि मग झोपतो. आम्ही एकमेकांना नावांऐवजी वस्त्यांवरून ओळखतो. ही सवय महाविद्यालयातली. तिचा फायदा असा, की माणूस साता समुद्रापार गेला तरी त्याला फक्त नवी वस्ती मिळते.

माझी तीस वर्षे मुद्रितशोधनात गेल्यामुळे ही रोजनिशी मी प्रमाण मराठीतच लिहितो आणि गटावरच्या गप्पा तिच्यात आणू गेलो की दरवेळी फसतो. सकाळी टोरांटोवाल्याने विचारले, "काय करून राह्यला बे?" मी ते वहीत लिहिले, "मित्राने माझी विचारपूस केली." वाक्य निर्दोष आहे आणि पूर्णपणे खोटे आहे, कारण त्याने विचारपूस मुळीच केली नव्हती. त्याला उत्तरही नको होते. दाराची कडी वाजवून पुढे निघून जावे तसे ते होते. हे शहर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते. मराठी आणि हिंदी इथे इतकी वर्षे एकाच ओसरीवर बसत आल्या, की 'करून राहिला' ही हिंदी वळणाची रचना आमच्या तोंडी आपलीच होऊन बसली. तो 'बे'ही 'अबे'चाच धाकटा भाऊ. व्याकरणात त्याला संबोधन म्हणून कुठेतरी कोपऱ्यात जागा देता येईल, पण त्याचा प्रमाण मराठीतला पर्याय मला आजवर सापडलेला नाही. 'अरे' त्याच्या जवळपास येतो, तरी 'अरे' कोणालाही म्हणता येतो. 'बे' म्हणायला आधी काही वर्षे एकत्र काढलेली असावी लागतात.

उन्हाचा विषय निघाला की ३० मे २०२४ ची गोष्ट निघतेच, तशी ती आजही निघाली. त्या दिवशी शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश तापमानाची नोंद झाली आणि संध्याकाळपर्यंत तो आकडा प्रत्येक फोनवर पोचला. पुढे हवामान खात्याने तो संवेदकातील बिघाड असल्याचे सांगितले. पण मनीषनगरवाल्याने तो खुलासा कधीच स्वीकारला नाही. "यंत्र बिघडलं नव्हतं बे, ते खरं बोलून बसलं," हे त्याचे ठरलेले वाक्य दरवर्षी नवतप्यात गटावर येते आणि आम्ही त्यावर दरवर्षी हसतो. आज ते वाक्य आले नाही. विषय महालवाल्याने काढला, इतरांनी दोन-तीन दिवस जुने विनोद पुन्हा टाकले आणि नेमके त्या वाक्याच्या जागी एक पोकळी राहिली, तिच्यावरून सगळे हळूच कूलरकडे वळले. कोणी वाळ्याच्या ताट्या बदलल्या, कोणाचा पंप पाणी चढवत नाही, कोणाच्या टाकीत भरदुपारी पाणी भरायला घरात कोणी तयार होत नाही, अशी ती चर्चा दीड तास चालली.

मनीषनगरवाल्याची आई चार दिवसांपासून धंतोलीतल्या रुग्णालयात आहे. हे सर्वांना ठाऊक होते आणि गटावर कोणीही त्याचा उल्लेख करत नव्हते. फोन प्रत्येकाने आपापला केला असणार, मीही केला होता. गटावर मात्र त्याच्यासाठी पोहे, ऊन आणि कूलर एवढेच ठेवलेले होते. शिष्टाचाराच्या दृष्टीने हे कदाचित उणे ठरेल, पण रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या माणसाला दिवसातून चाळीस वेळा "आई कशा आहेत?" याचे उत्तर द्यावे लागत असते, हे माझ्या वडिलांच्या वेळी मी अनुभवलेले आहे.

दुपारी दोनच्या सुमारास त्याचा निरोप आला. "इथे एसी फार जोरात आहे. आईला शाल लागेल." सवयीने मी ती दोन वाक्ये तपासली. ऱ्हस्व-दीर्घ अचूक, विरामचिन्हे जागच्या जागी, क्रियापदे प्रमाण भाषेतली. त्याच्याकडून आलेले इतके शुद्ध मराठी पाहून मी घाबरलो. असे शुद्ध लेखन याआधी गटावर एकदाच झाले होते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि पाणी खालच्या वस्त्यांतल्या घरांत शिरले, तेव्हा अंबाझरी लेआउटवाल्याने लिहिले होते, "पाणी जिन्यापर्यंत आले आहे. आम्ही वर आहोत." त्या पहाटे कोणाच्याही वाक्यात 'बे' नव्हता.

शाल महालवाल्याने नेली. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घरात शाल हाताशी असणे शक्यच नसते. ती लोखंडी पेटीच्या तळातून, डांबरगोळ्यांच्या वासासकट बाहेर काढावी लागली. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून, पायांशी शालीची पिशवी ठेवून तो भर उन्हात स्कूटरवरून गांधीसागर, कॉटन मार्केट, लोहापूल असा गेला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते, असे त्यानेच सांगितले. एका सिग्नलवर पिशवीतून शाल डोकावत होती, ती पाहून रसवंतीवाल्याने त्याला बोलावून उसाचा रस पाजला आणि पैसे घेतले नाहीत, असेही सांगितले. महालवाल्याच्या गोष्टींतला रस नेहमी फुकटच असतो, हे इथे नोंदवून ठेवतो.

त्यानंतर संध्याकाळपर्यंत गट शांत होता. टोरांटोवाल्याने उठल्याबरोबर त्याच्याकडे चौदा अंश असल्याचे कळवले, त्यावर एरवी त्याची जी गत केली जाते ती कोणी केली नाही. मी जेवून गच्चीवर पाणी मारले, अंथरूण घातले, कूलरची टाकी भरली. आठवड्याभरात पंप दुसऱ्यांदा अडकला होता.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला. मनीषनगरवाल्याने लिहिले होते :

"शालीला लय वास येऊन राह्यला बे. आई शिव्या देऊन राह्यली तुले."

खाली महालवाल्याचे उत्तर होते, "हाओ न बे. परत देजो धुऊन."

हे दोन निरोप मी प्रमाण मराठीत उतरवलेले नाहीत. जसे आले तसेच ठेवले आहेत.