आइसलँडला जायचंय, पण पूर्ण गोल फिरायचं नाहीये

आइसलँडचं नाव काढलं की प्रत्येक जण सांगतो, रिंग रोड करा. रिंग रोड म्हणजे रूट वन, अख्ख्या देशाला वळसा घालणारा रस्ता, साधारण १,३०० किमीचा, आणि मॅपवर बघितलं तर वाटतं आठवड्यात आरामात होईल. होईलही, पण मग रोज उठायचं, बॅगा भरायच्या, गाडी हाणायची, धबधब्यापाशी उतरून फोटो काढायचा आणि परत गाडीत. आई सोबत येणारे, तिला असली धावपळ नको आणि खरं सांगायचं तर मलाही नकोय.

म्हणून ठरवलंय की रेक्याविकहून दक्षिण किनाऱ्याने हॉफ्न गावापर्यंत जायचं, साधारण ४६० किमी, आणि त्याच रस्त्याने परत यायचं. उत्तरेकडचं मिवाट्न सरोवर, डेट्टीफॉस धबधबा सगळं सोडलं. वाईट वाटतं, पण व्हिक गावापासून योकुलसारलोन सरोवरापर्यंतचा जो दोनेकशे किमीचा पट्टा आहे ना, त्यात ज्वालामुखी आणि हिमनदी एकमेकांना इतके भिडलेत की मला सगळा वेळ तिथेच द्यायचाय.

व्हिकच्या डोक्यावर मिर्डाल्सयोकुल हिमनदी आणि तिच्या बर्फाखाली काटला ज्वालामुखी. १९१८ साली काटलाचा मोठा उद्रेक झाला तेव्हा बर्फ वितळून इतका गाळ वाहून आला की किनाराच समुद्रात पुढे सरकला. पुढे गेलं की क्लाउस्तुर गावाच्या अलीकडे एल्डह्राउन लागतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोन् मैल गोलगोल लाव्हा आणि त्यावर हिरवट-करडं जाडजूड शेवाळ. हा लाव्हा १७८३ चा. लाकी नावाच्या ठिकाणी जमीन जवळपास २७ किमी लांब फाटली आणि आठ महिने त्या भेगेतून लाव्हा येत राहिला, विषारी वायूंनी गवत गेलं, गुरं गेली, आणि नंतरच्या दुष्काळात देशातलं दर पाचातलं एक तरी माणूस मेलं.

मला हे वाचताना सारखा आपला सह्याद्री आठवतो. आपले घाटसुद्धा शंकूसारख्या डोंगरातून नाही, अशाच लांब भेगांतून आलेल्या लाव्ह्याचे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे थरावर थर. लाकी म्हणजे माणसांनी डोळ्यांनी बघितलेली आणि लिहून ठेवलेली त्याची छोटीशी आवृत्ती. अंधेरीचा गिल्बर्ट हिल बघितलाय का कुणी, उभे काळे खांब? तसेच खांब स्काफ्ताफेलच्या स्वार्टीफॉस धबधब्यामागे आहेत. घाटात वाढलेल्या माणसाने तो ताजा बसाल्ट, म्हणजे लाव्ह्याचा काळा दगड, बघायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

आणि स्केइदारारसांदुर! काळ्या वाळूचं प्रचंड सपाट मैदान. १९७४ मध्ये इथले पूल झाले तेव्हा कुठे रिंग रोड पूर्ण झाला. मग १९९६ च्या सप्टेंबरअखेर वात्नायोकुल हिमनदीच्या खाली उद्रेक झाला, वितळलेलं पाणी बर्फाखालच्या ग्रिम्सवोट्न सरोवरात महिनाभर साठत राहिलं आणि ५ नोव्हेंबरला एकदम सुटलं, घराएवढे हिमखंड घेऊन. रस्ता आधीच बंद केलेला म्हणून जीव वाचले, पूल मात्र गेले. पिळवटलेले गर्डर अजून रस्त्याकडेला ठेवलेत. पण मला जास्त हलवून टाकलं ते यानंतरच्या गोष्टीने. त्यातला स्केइदारा नदीवरचा पूल दुरुस्त केला, वापरलाही, आणि २००९ मध्ये नदीच तिथून निघून गेली, कारण हिमनदी मागे सरकली आणि पाण्याला दुसरी वाट मिळाली. तेव्हाचा देशातला सगळ्यात लांब पूल आणि खाली जवळजवळ पाणीच नाही. योकुलसारलोनचं सरोवरसुद्धा असंच हिमनदी मागे हटल्याने गेल्या शतकात तयार झालंय आणि अजून वाढतंय.

सीझन सप्टेंबर. दिवस बऱ्यापैकी मोठा असतो आणि रात्री पुरेसा अंधार, म्हणजे नॉर्दर्न लाइट्सचा चान्सही. लाकीच्या विवरांपर्यंत जाणारा रस्ता एफ प्रकारातला, म्हणजे कच्चा डोंगरी, फोर बाय फोरच लागते आणि नद्यांतून गाडी घालावी लागते, त्यात इंजिनात पाणी गेलं तर इन्शुरन्स सहसा हात वर करतो. तो आपण सोडतोय. राखेचं आणि वाळूचं इन्शुरन्स मात्र वेगळं घ्यायचंच, कारण तिथल्या वाऱ्यात उडणारी वाळू गाडीचा रंग खरवडते, आणि दार उघडताना दोन्ही हातांनी धरायचं नाहीतर वारा ते उलटं फिरवतो. डांबरी रस्त्याला ९० ची लिमिट, दिवसाही हेडलाइट चालू, एकेरी पूल आले की थांबायचं. इकडून शेंगेन व्हिसा, आरटीओतून आंतरराष्ट्रीय परमिट, आणि कार्डाचा पिन पाठ, कारण बऱ्याच पंपांवर माणूसच नसतो. रोज सकाळी निघायच्या आधी हवामान आणि रस्त्याची स्थिती बघायची, वाऱ्याचा इशारा असेल तर मुक्काम वाढवायचा, म्हणून बुकिंग कॅन्सल होणारंच घेतोय. रेनिसफ्याराच्या किनाऱ्यावर लाटेकडे पाठ करायची नाही हे आईला आत्तापासून सांगतेय. आणि शेवाळावर पाय अजिबात ठेवायचा नाही, एकदा उखडलं की परत यायला कित्येक वर्षं लागतात.

हिमनदीवर चालायचं तर गाइड घेऊनच. आई म्हणते तू जा, मी खालून बघते. स्काफ्ताफेलच्या पार्किंगपासून हिमनदीच्या टोकापर्यंत सोपी पायवाट आहे, तिथवर तरी तिला नेणारच.