पासवर्ड बरोबर होता, साल चुकलं होतं

खानापूर तालुक्यातल्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. 24 मशीन, सगळ्यांवर डेबियन लिनक्स, आणि प्रत्येकावर खाती वेगळी. पोरगं पासवर्ड विसरलं की कुठल्या मशीनवरचा विसरलं, हेही त्याला सांगता यायचं नाही. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत सगळी खाती एका सर्व्हरवर, ओपन-एलडॅप या खाती ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेली आणि मशीनवर एसएसएसडी बसवलं, म्हणजे लॉगिनच्या वेळी त्या सर्व्हरला विचारणारा प्रोग्राम. ते दोन दिवसांत उरकलं. एसएसएसडी उघड्या तारेवरून पासवर्ड पाठवत नाही, टीएलएस, म्हणजे कुलूपबंद जोडणी, लागतंच. म्हणून सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेटही घरीच बनवलं.

कॉलेज सुरू झालं आणि एक मुलगी आली. "सर, लॉगिन हुईना बगा." पासवर्ड बदलून दिला. हुईना. परत बदलला. तिसऱ्यांदा बदलताना ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, ते अजून आठवतं. तेवढ्यात त्याच मशीनवर दुसरा पोरगा बसला आणि सरळ आत गेला. "मी काल हितंच बसलोतो सर," म्हणाला. उत्तर त्यातच होतं, खरं माझ्या डोक्यात चार दिवस शिरलं नाही.

त्या मशीनवर तिच्या नावानं 'आयडी' कमांड मारली, तर असा वापरकर्ताच नाही म्हणे. शेजारच्या मशीनवर तेच नाव व्यवस्थित. शेवटी सर्व्हरला थेट विचारणारी एलडॅपसर्च कमांड डीबग लावून चालवली, तेव्हा कळलं की सर्टिफिकेटची मुदत अजून सुरूच झालेली नाही. वर कोपऱ्यात बघितलं. साल 2023.

मशीन बंद असताना घड्याळ चालवणारा, मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल मेलेला. अशा नऊ मशीन निघाल्या. रोज संध्याकाळी शिपाई मामा लॅबचा मेन स्विच पाडतात, की घड्याळ मागे. मशीनच्या हिशेबानं माझं सर्टिफिकेट जन्मालाच आलेलं नव्हतं, म्हणून सर्व्हर नाकारला, एसएसएसडी ऑफलाइन गेलं, आणि ज्यांनी आधी तिथं लॉगिन केलं होतं त्यांना कॅशमधल्या, म्हणजे मशीनवरच साठवलेल्या, पासवर्डवर आत घेत राहिलं. ती कॅशची सोय मीच मोठ्या हौसेनं चालू केली होती! तेव्हा काही पोरं आत आणि काही बाहेर असं दिसलं, तर पासवर्डच्या मागे लागू नका. आधी 'डेट' कमांड मारून तारीख बघा.

नेटवरून घड्याळ लावणारं क्रोनी होतं की, तुम्ही म्हणाल. होतं. खरं बाहेरून वेळ आणायला यूडीपी 123 पोर्ट लागतो आणि तो फायरवॉलवर बंद. उघडायचा तर ऑफिसात अर्ज. मराठीत दिला, तर कन्नडमध्ये आणा. सहकाऱ्याकडून कन्नडमध्ये लिहून घेतला, तर तीन प्रती आणा. तीन प्रती नेल्या, तर "123 च का? दुसरा नंबर चालत नाही काय?" मग साहेब बेळगावला मीटिंगला. तीन आठवडे मी रोज सकाळी नऊ मशीनांवर हातानं तारीख घालत होतो, लहान पोरांच्या पाटीवर घालावी तशी.

मग नाद सोडला. सर्व्हरचा सेल ठणठणीत होता. मोबाईलवर बघून त्याची वेळ लावली, क्रोनीत 'लोकल स्ट्रॅटम 10' (बाहेरची वेळ नसली तरी स्वतःचीच वाट) आणि लॅबच्या नेटवर्कपुरतं 'अलाऊ' (यांना वेळ दे) लिहिलं, आणि बाकीच्या मशीनना वेळ त्याच्याकडूनच घ्यायला लावली. घड्याळाला एकदम उडी मारू देणारी 'मेकस्टेप' ची ओळ ठेवाच, नाहीतर क्रोनी दोन वर्षांचा फरक मुंगीच्या पावलानं भरत बसेल. आणि हो, हे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं: पॅमच्या, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेच्या, फाईलींना हात लावताना एक रूट टर्मिनल उघडं ठेवा, नाहीतर चुकलात की तुम्हीच बाहेर. एसएसएसडीच्या कॉन्फिग फाईलची परवानगी 0600 करा, माझ्या डेबियनवर तेवढ्यासाठी ते सुरूच होईना.

नऊ सेल मी बेळगावातून येताना स्वतःच्या खिशातून आणले. परवानगीचा कागद अजून आलेला नाही. मामांना म्हटलं, निदान तो मेन स्विच तरी पाडू नका. तर म्हणाले, "लाईट बिल तुम्ही भरतासा काय?"